संग्रहालयातील आवाज

श्रोतेहो, शाळेची सहल शहरातल्या संग्रहालयात जाते, तेव्हा काय होते ते गुरुजींना वेगळे सांगायला नको. पोरे रांगेने आत शिरतात. दारातच पहारेकरी ओठावर बोट ठेवतो. "गडबड नको. कशाला हात लावू नका." हात गेला, तोंड गेले, राहिले दोन डोळे. सारी भिस्त त्या दोन डोळ्यांवर. पाऊण तासात पोरे बाहेर येतात. गुरुजी विचारतात, काय काय पाहिलेत रे? एक म्हणतो तलवार, दुसरा म्हणतो नाणी, आणि पेंढा भरलेला वाघ असलाच तर तो मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलेला असतो.

आज मला बोलायचे आहे ते कानाविषयी. संग्रहालयात कानाला काय काम असते, ते काम जगात कोणी कसे योजून केले, आणि आपल्या गावच्या शाळेत एखादे जुने जाते किंवा मोटेचे चाक ठेवलेले असेल तर त्याच्याजवळ त्याचा आवाज कसा ठेवावा, एवढा विषय. रेडिओवरून हा विषय सांगणे तसे सोपे. मी तुम्हांला दिसत नाही, आणि तरी आपले बोलणे चालले आहे.

डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. पाठीमागचे डोळ्याला दिसत नाही, पण कानाला ऐकू येते. आपण एका दालनात भांडी पाहत उभे आहो आणि शेजारच्या दालनातून पाणी पडल्याचा आवाज आला, की मान वळते आणि पाय आपोआप तिकडे निघतात. "इकडे या" अशी पाटी कोणी लावलेली नसते. एखाद्या जागी आवाज अगदी हलका ठेवला, तर माणूस चार पावले जवळ जातो आणि वाकतो. वाकला की थांबतो, आणि थांबला की पाहतो. संग्रहालय मांडणारे आवाजाला जपून वागवू लागले ते यासाठी. खोली बांधताना भिंत कोठे, दार कोठे हे ठरवतात, तसे आवाज कोठे आणि शांतता कोठे हे ते ठरवतात.

जमिनीचा जसा देखावा असतो तसा आवाजांचाही असतो, हा विचार नीट मांडला तो कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी. 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' हे त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले. हे गृहस्थ शिकवणारेही होते. विद्यार्थ्यांना ते म्हणत, आधी कान स्वच्छ करा. म्हणजे काडी घालून नव्हे हं! शांत बसा आणि जेवढे आवाज कानावर येतील तेवढे कागदावर लिहून काढा. शिक्षक बंधुभगिनींनो, उद्याच्या तासाला हा खेळ पाच मिनिटे खेळून पाहा. पहिल्या मिनिटात मुले मोटारसायकल लिहितील, कुत्रा लिहितील. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी लिहील की, पत्रा उन्हाने तापून वाजतो आहे. पाचव्या मिनिटाला एखादी मुलगी स्वतःचा श्वास लिहील. कान असा हळूहळू उघडतो, आणि संग्रहालयातही तो असाच उघडावा लागतो.

आता थोडा इतिहास. १९५२ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच वर्षी युरोपात दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये शांबोर नावाचा एक जुना राजवाडा आहे. रात्रीच्या अंधारात त्याच्या भिंतींवर दिवे टाकायचे आणि कर्ण्यांतून त्याचा इतिहास संगीतासह ऐकवायचा, हा प्रकार तेथे सुरू झाला. आपण ज्याला ध्वनिप्रकाश कार्यक्रम म्हणतो त्याचे मूळ ते. पुढे तो दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला, अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये आला. अंदमानात तर तुरुंगाच्या आवारातला पिंपळच सारी हकिकत सांगतो, अशी योजना केलेली आहे.

दुसरी गोष्ट घडली हॉलंडमध्ये, ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात. हिचा आपल्या रेडिओशी अगदी जवळचा संबंध आहे. तेथे दालनाभोवती तारेचा एक वेढा टाकला, टेपवर मुद्रित केलेले व्याख्यान त्यातून लघुलहरींवर सोडले, आणि प्रेक्षकांच्या हातांत छोटी ग्राहकयंत्रे दिली. म्हणजे संग्रहालयाच्या चार भिंतींत मावेल एवढे एक इवलेसे आकाशवाणी केंद्रच म्हणा ना! ज्याच्याजवळ यंत्र त्यालाच ऐकू येई, बाकी दालन शांत. आज संग्रहालयात कानाला लावायला जे यंत्र देतात त्याचा हा पूर्वज.

पण गंमत अशी झाली की, व्याख्यान सर्वांना एकाच वेळी एकच ऐकू येई. म्हणून सारा जमाव एकदम एका चित्रापुढे थांबे, एकदम डावीकडे वळे, एकदम पुढच्या चित्राकडे सरके. ज्याला यंत्र नाही त्याला ते दृश्य मेंढरांच्या कळपासारखे दिसत असेल. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. ऐकवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते ते त्यातून कळते. कोठे उभे राहायचे, काय पाहायचे, किती वेळ पाहायचे, हे सारे कानातला आवाज ठरवतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एखादा बुरसटलेला कोपरा, एखादी उसवलेली शिवण स्वतःहून पाहण्याची मोकळीक त्याने घालवलेली असते.

आता थोडे विज्ञान घेऊ, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. विजापूरचा गोल घुमट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वर घुमटाच्या आतून फिरणाऱ्या सज्ज्यात एका बाजूला भिंतीशी कुजबुजले, तर समोरच्या बाजूला, शंभराहून अधिक फुटांवर, ते स्पष्ट ऐकू येते. पण त्याच सज्ज्यात सहलीची पन्नास पोरे एकदम ओरडली की कोणाचेच काही कळत नाही, नुसता गलका. आवाज गुळगुळीत गोल भिंतीवर आपटून पुन्हा पुन्हा परत येतो, त्याला जायला जागाच नाही. त्याच घुमटासमोर नगारखान्याच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. नगाऱ्यांसाठी बांधलेल्या घरात आज शिलालेख आणि शस्त्रे मुकाट बसलेली आहेत, आणि मुक्या माणसांच्या थडग्यावर मात्र दिवसभर आरोळ्या चालतात. असो.

तर हा आवाजाचा घोळ मोजायचा कसा? हे कोडे प्रथम सुटले तेही एका संग्रहालयातच. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे फॉग कलासंग्रहालय १८९५ साली उघडले. त्याच्या व्याख्यानाच्या दालनात बोललेला एक शब्द धड कळेना. दालन दुरुस्त करण्याचे काम विद्यापीठाने वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण पदार्थविज्ञान-शिक्षकाला दिले. वय सत्तावीस. त्याने काय करावे? रात्री रस्ते शांत झाले की तो आणि त्याचे मदतनीस कामाला लागत. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची, आणि तिचा आवाज पुरता विरेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचे. आवाज विरला की नाही हे ठरवणारे यंत्र म्हणजे सॅबाइनचा स्वतःचा कान! रिकाम्या दालनात उत्तर आले सुमारे साडेपाच सेकंद. म्हणजे वक्ता एक शब्द बोलून पुढचे डझनभर शब्द बोलेपर्यंत तो पहिला शब्द हवेत लोंबकळतच असे. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या करून मांडायच्या, पुन्हा मोजायचे, आणि सकाळी त्या गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. गाद्या वाढल्या तसा आवाजाचा रेंगाळ कमी होत गेला. या खटाटोपातून त्याने पुढे नियम बांधला. दालन जेवढे मोठे तेवढा आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणारे मऊ सामान जेवढे अधिक तेवढा तो लवकर विरतो. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल याच नियमाच्या आधाराने बांधले.

हा नियम तुम्हांला घरी पडताळता येईल. शाळेची खोली रिकामी करा आणि एक टाळी वाजवा. मग भिंतींना चार गोधड्या टांगा आणि पुन्हा वाजवा. टाळी कशी कोरडी होते ते ऐका. मुले आत बसवा आणि तिसऱ्यांदा वाजवा, कारण माणूसही आवाज पितो. लग्नाआधीचे रिकामे कार्यालय आणि पंगत बसलेले कार्यालय यांतला फरक हाच.

संग्रहालयांची पंचाईत येथे होते. फरशी दगडी, भिंती उंच, जिकडे तिकडे काच, गोधडी कोठेच नाही. अशा दालनात मोठा कर्णा लावला की विचका झालाच म्हणून समजा. एका संग्रहालयात मी लागून लागून तीन दालने पाहिली. एकात युद्धाचे पडघम, दुसऱ्यात बासरी, तिसऱ्यात निवेदकाचा भारदस्त आवाज, आणि तिन्ही एकमेकांत मिसळलेले. बासरीच्या पाठीमागे तोफा धडाडत होत्या. म्हातारीकोतारी माणसे पहिल्या दालनातूनच परत फिरत होती. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाजाचा जोर चौथाईवर येतो, बंद खोलीत तसे होत नाही, भिंती तो परत पाठवीत राहतात. म्हणून जाणता योजक काय करतो? आवाज ऐकणाऱ्याच्या अगदी जवळ आणतो आणि हलका ठेवतो. डोक्यावर घमेल्यासारखा एक घुमट टांगतात, त्याच्या खाली उभे राहिले की ऐकू येते, दोन पावले सरकले की फारसे नाही. किंवा कानाशी धरायचे यंत्र देतात. उरलेला खर्च तो छताला आणि भिंतीला मऊ अस्तर लावण्यावर करतो. हा खर्च पाहुण्याला दिसत नाही, म्हणून मंजूरही लवकर होत नाही. पण माझ्या मते पहिला पैसा तेथेच जावा.

मात्र रेंगाळणारा आवाज नेहमीच वाईट असे नाही. जर्मनीत बर्लिन येथे यहुदी लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ते २००१ साली उघडले. डॅनियल लिबेस्किंड यांनी ते बांधताना इमारतीत काही उंच, रिकाम्या, उघड्या काँक्रीटच्या पोकळ्या मुद्दाम ठेवल्या. नाझी राजवटीत जी लाखो माणसे मारली गेली, त्यांच्या नसण्याची ती जागा. अशा एका पोकळीत मेनाशे कादिशमान या इस्रायली शिल्पकाराने जाड लोखंडी पत्र्याचे कापलेले चेहरे जमिनीवर पसरून ठेवले आहेत. गोल डोळे, उघडे तोंड. दहा हजारांहून अधिक. एकावर एक पडलेले. त्या शिल्पाचे नाव 'शालेखेत', म्हणजे गळालेली पाने. पलीकडे जायचे तर त्या चेहऱ्यांवरून चालत जावे लागते. पाय ठेवला की लोखंड लोखंडावर आपटते, खणखणते, आणि उंच काँक्रीटच्या भिंती तो आवाज धरून ठेवतात.

तेथे एकही कर्णा नाही, निवेदक नाही, करुण संगीत नाही. आवाज करतो तो पाहणारा स्वतः, आपल्याच पायांनी. कोणी पहिल्याच पावलाला थबकतो. कोणी हळू, तोल सावरत जातो, तरी आवाज होतोच. कोणी कडेलाच उभा राहतो. पण कडेला उभ्या राहणाऱ्यालाही दुसऱ्याच्या पायाखालचा आवाज ऐकावाच लागतो. मला वाटते, आवाजाची योजना म्हणजे काय याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. या चेहऱ्यांचे चित्र पुस्तकात पाहिले तर दुःख होते. त्यांवर पाय पडल्याचा आवाज ऐकला की आपण त्या गोष्टीच्या बाहेर उरत नाही.

आता आपल्या देशातले उदाहरण घ्या. १९८४ सालच्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसे मेली. त्या घटनेला तीस वर्षे झाली तेव्हा, २०१४ साली, तेथे वाचलेल्या लोकांनी आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी मिळून एक छोटे संग्रहालय उघडले. त्यात सोन्यारुप्याचे काही नाही. मेलेल्यांच्या घरच्यांनी जपून ठेवलेल्या रोजच्या वस्तू आणि छायाचित्रे. वस्तूजवळ टेलिफोनचा रिसीव्हर टांगलेला. तो उचलून कानाला लावला की, ती वस्तू ज्यांची त्यांच्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

या योजनेकडे जरा बारकाईने पाहा. रिसीव्हर उचलायचा की नाही हे पाहुण्याच्या हाती. कोणी जबरदस्तीने ऐकवीत नाही. उचलला की एक हात गुंततो, अंग भिंतीकडे वळते, एक कान त्या आवाजाला आणि दुसरा खोलीला. आणि टेलिफोनवर आपण कोणाचे ऐकतो? आपल्या माणसाचे. आई, बहीण, गावाकडचा भाऊ. परक्याचे भाषण आपण कर्ण्यावर ऐकतो, घरचे बोलणे कानाशी. त्या सवयीमुळे अनोळखी बाईचा आवाज पहिल्या वाक्यालाच घरचा होऊन जातो. त्यात बाई मध्येच थांबते, श्वास घेते, शब्द शोधते. निवेदकाने तेच वाक्य घोटून म्हटले असते तर ही थांबणी गेली असती, आणि साक्षच निम्मी गेली असती.

यंत्रांची श्रीमंती पाहायची असेल तर अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरी २०१० साली उघडलेले वाद्यांचे संग्रहालय आहे. जगभरातली हजारो वाद्ये. पाहुण्याच्या कानावर यंत्र चढवतात, आणि तो ज्या वाद्याजवळ जाईल त्याचा आवाज आपोआप सुरू होतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले वाद्यांचे दालन ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या सोयीचे मोल कळेल. काचेआडचा पखवाज पाहून त्याची थाप कशी कळावी? पखवाज म्हणजे लाकूड आणि कातडे नव्हे.

तरी पण आपल्याकडे ही कानावर चढवायची यंत्रे सर्रास आणावीत, असे मला वाटत नाही. आपल्याकडे संग्रहालय पाहायला एकटा माणूस थोडाच येतो! पंढरपूरहून परतताना अख्खे कुटुंब येते, शाळेची चाळीस मुले येतात, महिला मंडळ येते. आणि तेथे एक आवाज ऐकू येतो, जो कोणत्याही योजकाने बसवलेला नसतो. चौथीतला नातू पाटीवरची अक्षरे बोट फिरवीत मोठ्याने वाचतो आणि आजी ऐकते. मग आजी म्हणते, "अरे, ही तर आमच्याकडं होती की! माझ्या सासूबाई हिच्यात ताक करायच्या." नातू वाचून दाखवतो अक्षर, आजी सांगते वापर. दोघांच्या कानांवर यंत्रे चढवली तर हा व्यवहारच थांबेल. संग्रहालयातल्या आवाजाचा पहिला नियम मी असा करीन की, या दोघांच्या बोलण्याला जागा ठेवा, आणि त्यावर कडी करील असे काही वाजवू नका. ज्याला दृष्टी नाही त्याच्यासाठी मात्र कानाचे यंत्र हवेच, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तोच मजकूर ठळक अक्षरांत लिहिलेलाही हवा.

काही जागा तर अशा की तेथे काहीच वाजवू नये. सेवाग्रामच्या बापूकुटीत कर्ण्यावरून भजन लावले, तर लावणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण कुडाच्या भिंतीची ती शांतता गेली की तेथे पाहायला काय राहिले?

आणखी एक सावधगिरी सांगायची आहे. आवाज खोटेही बोलतो, आणि चित्रापेक्षा अधिक सफाईने बोलतो. इंग्लंडात यॉर्क शहरी १९७६ ते १९८१ या काळात जमीन खणताना हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग लोकांच्या वस्तीचे अवशेष सापडले. त्या जागेवर १९८४ साली यॉर्विक केंद्र उघडले. गाडीत बसून जुन्या गल्लीतून फिरायचे, बाजाराचा गलबला ऐकायचा, वासही घ्यायचे. बोलणे त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत. लोकांना ते फार आवडले, त्यावरून इतरांनी नक्कल केली. पण हजार वर्षांपूर्वीचा माणूस बोललेला कोणी ऐकला आहे? हाडे आणि कंगवे जमिनीतून निघतात, आवाज निघत नाही. भाषेच्या जाणकारांनी लेखनावरून आणि आजच्या भाषांवरून बांधलेला तो अंदाज आहे. अंदाज करायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे शिवकालीन दालनात लढाईचा आवाज म्हणून एखाद्या चित्रपटातले घोडे आणि तलवारी वाजवल्या, तर मुले तोच इतिहास समजतील. तलवारीच्या पाटीवर चुकीचे साल घातले तर कोणीतरी पत्र लिहितो. चुकीचा आवाज घातला तर कोणी लिहीत नाही.

म्हणूनच ज्यांचे आवाज खरेच मिळू शकतात, ते आजच मिळवायला हवेत. युरोपातल्या सहा संग्रहालयांनी २०१३ ते २०१५ या काळात जुन्या कारखान्यांचे, यंत्रमागांचे, छापखान्यांचे आवाज मुद्रित करून ठेवले, कारण यंत्र गंजून का होईना उरते, त्याचा आवाज मात्र ते बंद पडताच संपतो. आपल्याकडे मोट गेली. तिचे चाक एखाद्या वाड्यात भिंतीला टेकून उभे असेल, पण चाकाची कुरकुर, बैल धावेवरून परत फिरताना माणसाने घातलेली हाळी, थारोळ्यात पाणी ओतल्याचा तो भरगच्च आवाज, हे ऐकलेली माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत.

जात्याचे थोडे बरे झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हजाराहून अधिक गावांतून. १९९०च्या दशकात त्यांपैकी पुष्कळशा गाणाऱ्या बायांच्या आवाजात मुद्रितही झाल्या, आणि आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत त्या कोणालाही ऐकता येतात. ही केवढी मोठी गोष्ट आहे! संग्रहालयात जाते ठेवले तर पाहणाऱ्याला दोन दगड आणि एक लाकडी खुंटा दिसतो. त्या जात्याचे खरे काम पहाटेच्या अंधारात चाले. घरघर खाली, ओवी वर. सासरी जे कोणाला सांगता येत नव्हते ते बाई जात्याला सांगे, आणि घरघरीच्या आडोशाने सांगे. तो आडोसा हा त्या जात्याचा अर्धा अर्थ, आणि तो आवाजातच आहे.

तर गुरुजी आणि बाई, तुमच्या शाळेत एका कोपऱ्यात जुन्या वस्तू मांडलेल्या असतील, तर त्यांतली एकच निवडा. दहा निवडू नका. समजा जाते निवडले. गावात अजून जे दळू जाणतात अशा आजींकडे मुलांना घेऊन जा. आधी त्यांना विचारा की, तुमचा आवाज शाळेत ठेवला, पुढे लोकांना ऐकवला, तर चालेल का? त्या नाही म्हणाल्या तर तेथेच थांबा. हो म्हणाल्या तर मोबाईल फोन पुरतो, भारी यंत्राची गरज नाही. पंखा बंद करा. फोन येऊ नयेत अशी व्यवस्था करा, नाहीतर ओवीच्या मध्येच जाहिरातीची घंटी वाजेल. फोन जमिनीवर ठेवू नका, जमिनीतून जात्याचा थरथराट त्यात शिरतो. चौपदरी घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, आजींच्या तोंडापासून हात-दीड हातावर.

जाते रिकामे फिरवायला सांगू नका, दगड झिजतो आणि आवाजही खोटा येतो. ज्वारी घाला. मग तूर भरडायला सांगा आणि फरक ऐका. आधी नुसते जाते, मग ओवीसह जाते, आणि जमल्यास नुसती ओवी, अशी तीन मुद्रणे वेगवेगळी करा. आजी मध्येच थांबल्या, खोकल्या, "विसरले बाई" म्हणाल्या, तर ते कापू नका. पाठीमागे सतार किंवा बासरी तर मुळीच जोडू नका. पाटीवर लिहा, आवाज कोणाचा, त्यांची परवानगी असेल तर नाव, गाव कोणते, दिवस कोणता, दळले काय. आणि हे मुद्रण शाळेत दिवसभर वाजत ठेवू नका. ज्याला ऐकायचे त्याने कळ दाबावी, आवाज एवढाच असावा की त्याला जात्याशी वाकावे लागेल, आणि संपले की पुन्हा शांत.

एक बारीकशी गोष्ट राहिली. मुद्रण संपले की मुले लगेच टाळ्या वाजवतात आणि फोन बंद करतात. त्यांना आधीच बजावून ठेवा. जाते थांबल्यावर अर्धा मिनिट कोणी बोलायचे नाही, यंत्र चालूच ठेवायचे. त्या अर्ध्या मिनिटात आजींचे घर येते. चुलीतले लाकूड, अंगणातली कोंबडी, दूरचा हापसा, पीठ सुपात ओढल्याची खसखस. तेही त्या जात्याजवळच ठेवा.